‘सर्व काही देवाच्या हाती आहे’ हे वाक्य दुःखात कोणी, कोणाला आणि केव्हा म्हणावे?

धागाकर्ता : मलप्रभाकाठ

आपल्या सीमाभागातील ख्रिस्ती घरांत, मग ते घर बेळगावच्या कॅम्पातले असो, निपाणीतले असो किंवा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतले असो, मोठे आजारपण आले किंवा मृत्यू झाला की ‘सर्व काही देवाच्या हाती आहे’ हे वाक्य हमखास कानांवर येते. या वाक्याच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. पित्यावाचून एक चिमणीसुद्धा भूमीवर पडत नाही, असे मत्तयाच्या 10व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितले आहे, आणि त्याच विश्वासात आम्ही वाढलो. माझा प्रश्न हे वाक्य उच्चारणाऱ्या तोंडाविषयी आणि उच्चारण्याच्या वेळेविषयी आहे.

माझे थोरले बंधू मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. डायलिसिससाठी ते पहाटेच्या बसने खानापूरहून बेळगावला जात. घरातून निघण्यापूर्वी वहिनी त्यांच्या डाव्या मनगटावरच्या फिस्चुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनीशी जोडलेल्या शिरेवर, आपला तळवा ठेवीत, कारण त्या जागी रक्ताची बारीक थरथर हाताला लागली तर शीर चालू आहे असे समजायचे, हे त्यांना तेथील परिचारिकेने शिकवले होते. तळव्याला थरथर लागली की त्या मान हलवीत आणि मगच दादा चपला घालत. दादा गेल्यानंतर जे भेटायला आले त्यांच्यापैकी एकाने सांगितले की, देवाला त्यांची अधिक गरज होती. दुसऱ्याने ही विश्वासाची परीक्षा असल्याचे सांगितले. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने तर घरातल्या प्रार्थनेत कोठे उणीव राहिली याची चौकशीच आरंभली. सर्व जण गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, हात देवाचाच होता हे मला मान्य आहे. पण त्या हाताची बाजू मांडायला प्रत्येक जण माझ्याच दारात का येतो?”

या प्रश्नानंतर मी पवित्र शास्त्रातली नेहमीची वचने पुन्हा वाचली, आणि आजवर लक्षात न आलेली एक गोष्ट दिसली. ‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले’ या अर्थाचे उत्पत्ती 50:20 मधले वाक्य योसेफाने स्वतः, वडिलांच्या मृत्यूनंतर, ज्यांनी त्याला विकले त्या भावांना उद्देशून म्हटले आहे. घर सुटण्याआधीच्या वृत्तांतात त्याचे वय 17 दिले आहे आणि फारोसमोर उभा राहिला तेव्हा तो 30 वर्षांचा होता. मधल्या काळात, म्हणजे खड्ड्यात, गुलामीत आणि तुरुंगात, हे वाक्य त्याला कोणीही ऐकवलेले नाही. त्याला खड्ड्यात टाकून भाऊ भाकर खायला बसले, असे 37व्या अध्यायात लिहिले आहे. तेच वाक्य त्या वेळी खड्ड्याच्या काठावरून भावांनी उच्चारले असते, तर त्याचा अर्थ काय झाला असता? ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हेही मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाने स्वतःविषयी म्हटले आहे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. ते बोलू लागले तेथून बिघडले.

माझे मत असे झाले आहे की, देवाच्या सत्तेची ही कबुली ज्याच्यावर प्रसंग आला त्याने, त्याला जमेल तेव्हा, आपल्या तोंडाने द्यायची असते. दुसऱ्याने त्याच्या वतीने ती देऊ नये. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे.

कॅम्पातला मास्तर

धाग्याशी बव्हंशी सहमत आहे. ईयोबाच्या मित्रांविषयी एक भर घालतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर जे बोलले त्यातले पुष्कळसे तात्त्विक दृष्ट्या अचूक आहे. देव शहाण्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो हे एलीफजाचे वचन पुढे प्रेषित पौलाने 1 करिंथ 3:19 मध्ये शास्त्रवचन म्हणून उद्धृत केले आहे. असे असूनही शेवटच्या अध्यायात देवाचा कोप याच एलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर होतो, आणि देवाशी वाद घालणाऱ्या, आपल्या जन्मदिवसाला शाप देणाऱ्या ईयोबाविषयी मात्र तो यथार्थ बोलला असा निर्वाळा मिळतो. खरे वाक्यसुद्धा चुकीच्या दारात नेऊन ठेवले तर देवाला ते खपत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

आपल्या भागात या विषयावर एकमत का होत नाही, याला इतिहासही कारणीभूत आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 मध्ये सुरू झाले आणि 1904 मध्ये ते मेथडिस्ट मंडळींकडे आले. कोल्हापूर आणि मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते, आणि खानापूरच्या बाजूला गोव्याकडून आलेली कॅथलिक परंपरा आहे. त्यामुळे एकाच लग्नात तिन्हीकडचे पाहुणे एका पंगतीत बसतात, पण दुःखाच्या घरी तिघे तीन प्रकारचे सांत्वन घेऊन येतात. आम्हा मेथडिस्टांच्या बाजूने सांगायचे तर, देव सर्व जगावर राज्य करतो हे आमच्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली ठामपणे मानत; परंतु देवानेच मनुष्याला दिलेले इच्छास्वातंत्र्य तो मोडून काढत नाही, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत. म्हणून घडलेली प्रत्येक गोष्ट देवाला तशीच हवी होती असे म्हणताना आमची जीभ अडखळते.

मिरजकडचा

धागाकर्त्याच्या दुःखाविषयी पूर्ण आदर राखून विरोध नोंदवतो. सत्य कोणाच्या तोंडून आले यावर त्याचे सत्यपण अवलंबून नसते. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे आमच्या सुधारित परंपरेच्या विश्वासशिक्षणाच्या पुस्तकात, 27व्या प्रश्नाच्या उत्तरात पाऊस आणि दुष्काळ, सुकाळाची आणि नापिकीची वर्षे, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि दारिद्र्य ही सर्व योगायोगाने नव्हे तर देवाच्या पितृतुल्य हातून येतात असे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या प्रश्नात याचा उपयोग काय ते सांगितले आहे: विपत्तीत धीर, समृद्धीत कृतज्ञता आणि पुढल्या काळाविषयी भरवसा. ही शिकवण दुःखितांसाठीच लिहिली गेली. पाळकाने नेमक्या त्याच घरी मौन पाळले तर ती रिकामी जागा कोण भरून काढतो, हे आपण सर्व जण पाहतो. कोणी अंगारा घेऊन येतो, कोणी तेलाची बाटली घेऊन येतो.

शिवाय, दादांच्या आजारावर देवाचे नियंत्रण नव्हते असे क्षणभर मानले, तर वहिनींच्या हाती काय उरते? ज्याच्या हातून परिस्थिती निसटली अशा देवाकडे आपण उद्या कशासाठी प्रार्थना करणार?

शहापूरची परिचारिका

मी बेळगावात रुग्णसेवेत आहे, त्यामुळे मिरजकडील दादांनी ज्या रिकाम्या जागेचा उल्लेख केला आहे ती मला रोज दिसते. परंतु माझा अनुभव असा की, ती जागा पाळकाच्या मौनामुळे पडत नाही. आधीच्या बडबडीमुळे पडते. ‘विश्वास असेल तर बरे व्हाल’ असे वर्षानुवर्षे ऐकलेला रुग्ण बरा झाला नाही की स्वतःलाच अपराधी समजू लागतो. इन्शुलिन थांबवणे म्हणजे देवावर भरवसा दाखवणे, अशा समजुतीने शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. देवाच्या नियंत्रणावरचा विश्वास आणि औषधोपचार यांत विरोध असल्याचे पवित्र शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो, आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता. तोच पौल आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीन वेळा प्रार्थना करतो, आणि काटा निघत नाही. त्याला मिळालेले उत्तर ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच आहे. पौलाच्या विश्वासात उणीव होती असे म्हणण्याची हिंमत त्या प्रचारकाला झाली असती का?

वारकरी शेजारी (चिकोडी)

मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या गल्लीत दोन्ही धर्मांची घरे असल्यामुळे हा धागा आस्थेने वाचला. आमच्याकडे अशा प्रसंगी प्रारब्ध म्हणतात. आपण ज्याला देवाचे नियंत्रण म्हणता ते याहून वेगळे कसे, हे समजून घ्यायला आवडेल.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला आमच्या बाजूचा एक दाखला देतो. तुकोबांनी दुष्काळात घरचे माणूस गमावले, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, आणि पुढे त्या सगळ्याला त्यांनी ‘बरे झाले’ म्हटले. ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याला म्हटले आहे. शेजाऱ्याच्या घरी जाऊन ‘तुझे दिवाळे निघाले, बरे झाले’ असे कोणी म्हटले, तर तो अभंग होत नाही.

मलप्रभाकाठ

वारकरी दादा, तुमचे शेवटचे वाक्य आमच्या पाळकांना ऐकवणार आहे. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, त्यामुळे हा पूल आम्हाला परका नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे देतो. प्रारब्धाच्या कल्पनेत आजच्या दुःखाचा धागा मागच्या कर्माकडे जातो. योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून जवळजवळ तोच हिशेब मांडला होता की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. लूकाच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे तेथे येशू स्पष्ट बजावतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळवतो. बुरूज का पडला याचे स्पष्टीकरण मात्र तो देत नाही. आमच्या विश्वासात कारण बहुतेक वेळा झाकलेलेच राहते, ज्याच्या हाती ते आहे त्याचा स्वभाव तेवढा क्रूसावर उघड झाला आहे. एवढ्यावर भरवसा ठेवायचा असतो, आणि ते सोपे नाही.

मिरजकडील दादांना एक विचारतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या व्यासपीठांवरून कसे सांगितले जाते ते आठवा. दुष्काळाच्या वर्षांत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहावे म्हणून देवाने हे सर्व घडवले, असे आपण सहज बोलून जातो. दुष्काळात हाल सोसलेल्या त्या तरुण स्त्रीला पुढे उपासमारीतल्या मुलींची वेदना कळली, हे मला पटते. पण मुलींना आसरा मिळावा यासाठी रमाबाईंचे आईवडील अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांनी उपाशी मरावे अशी योजना होती, असे म्हणायला मी धजणार नाही. वाइटातून देवाने चांगले काढले म्हणून ते वाईट चांगले ठरत नाही. आणि मनोरमाच्या मृत्यूतून काय चांगले निघाले, हे तर कोणी सांगतच नाही, कारण तेथे सांगण्याजोगे काही हाती लागत नाही.

नंदगडकर

आम्हा कॅथलिकांकडे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र काढले, त्यात आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडण्याचा विचार विस्ताराने आहे. तो मला प्रिय आहे, पण येथे मला दुसरेच आठवते. योहानाच्या 19व्या अध्यायात येशूची आई मरिया क्रूसाजवळ उभी होती असे म्हटले आहे. त्या वेळी ती बोललेला एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही, आणि तिला कोणी काही समजावून सांगितल्याचाही उल्लेख नाही.

वेदगंगाकाठचा शेतकरी

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या शिवारात पाणी शिरले. ऊस कितीतरी दिवस बुडून राहिला. शेंड्यात गाळ बसला की पोंगा कुजतो, मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात आणि उसाचे वजन पार घटते. प्रार्थनेला जमलो तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी ‘ही देवाची इच्छा’ असे म्हणून समारोप केला. त्यावर मागे बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी विचारले, “मग पंचनामा करून घ्यायचा की नाही?” सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घाटावर पडलेला पाऊस देवाच्या हातचा आहे हे मान्य करू. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचे, नदीच्या पात्रात भराव कोणी घालायचा, हे माणसाच्या हातचे आहे. सगळेच देवावर ढकलले की ज्यांनी जाब द्यायचा ते मोकळे सुटतात. मास्तरांनी किंवा मिरजकडच्या दादांनी यावर लिहावे.

मिरजकडचा

शेतकरी दादांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच परंपरेत आहे. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे प्रेसबिटेरियनांच्या विश्वासाच्या अधिकृत मांडणीत, देवाच्या संकल्पामुळे दुय्यम कारणांचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही आणि देव पापाचा कर्ता ठरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे धरणाचे दरवाजे उघडणारा माणूस जबाबदारच राहतो, आणि पंचनामा अवश्य करावा. योसेफाच्या वाक्यातही ‘तुम्ही माझे वाईट योजले’ हा अर्धा भाग तसाच ठेवला आहे, तो पुसलेला नाही.

रमाबाईंविषयीचा आक्षेप मला विचार करायला लावणारा वाटला. उपदेशात आपण देवाच्या कारणांची यादी फार घाईने वाचतो, हे मी मान्य करतो. मात्र धागाकर्त्याने आरंभी घातलेला निर्बंध मला अजूनही पटत नाही. ही कबुली दुःखिताने स्वतःच द्यायची असेल, तर ती द्यायला त्याला शिकवायचे कोणी आणि केव्हा?

मलप्रभाकाठ

शिकवायचे एरवीच्या रविवारी. बांध पावसाळ्यापूर्वी घालायचा असतो. लोक घरात सुखरूप असताना हबक्कूकाचा तिसरा अध्याय, म्हणजे अंजिराला फुले नाहीत, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन हा भाग, आपल्याकडे किती वेळा शिकवला जातो? अंधारातच संपणारे स्तोत्र 88 उपासनेत वाचलेले मी तरी ऐकलेले नाही. आपण हे सर्व दफनविधीसाठी राखून ठेवतो, आणि ज्यांनी ते कधी ऐकलेलेच नाही त्यांच्याकडून त्या दिवशी कबुलीची अपेक्षा करतो.

शहापूरची परिचारिका

मग भेटायला गेलेल्याने त्या घरी करायचे काय, हेही लिहावे. नुसते गप्प बसणे प्रत्येकाला जमत नाही.

मलप्रभाकाठ

ताई, जे घडले ते सांगतो. वहिनींचे माहेर संकेश्वरकडचे. त्यांना कन्नड बोलता येते, पण कार्यालयीन कन्नड वाचणे जड जाते. मंडळीतल्या एक काकू, ज्यांनी सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नाही, वहिनींबरोबर नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, जात राहिल्या. विधवा वेतनाचा अर्ज त्यांनीच भरला, उताऱ्यावर वारसाची नोंद करण्यासाठी कोणते कागद लागतात ते त्यांनीच विचारून घेतले, आणि दादांच्या नावावरच्या सोसायटीच्या कर्जाचा तपशील कन्नडमधून वाचून दाखवला. पुढे वहिनींना विश्वासाविषयी जे काही बोलायचे होते ते त्या प्रथम या काकूंशीच बोलल्या, बसमध्ये.

मिरजकडचा

काकूंविषयी वाचून समाधान वाटले. तरीही शेवटचा मुद्दा मांडतो. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर मानवपुत्रांना मनापासून पीडा देत नाही असे 33वे वचन सांगते, आणि इष्ट व अनिष्ट दोन्ही परात्पराच्याच मुखातून येतात असे 38वे वचन सांगते. धाग्यातल्या बहुतेक प्रतिसादांचा कल 33 कडे आहे. 38 गाळून चालणार नाही.

कॅम्पातला मास्तर

गाळू नये, हे मान्य. पण हा अध्याय कोठून सुरू होतो तेही पाहावे. आपण घराच्या भिंतीवर 22वे आणि 23वे वचन लावतो, देवाची दया रोज सकाळी नवी होते ते. त्यापूर्वी एकवीस वचने आहेत. देवाच्या क्रोधाच्या काठीने मार खाल्लेला मी पुरुष आहे अशी सुरुवात आहे, आणि मी ओरडलो तरी त्याने माझी प्रार्थना आत येऊ दिली नाही असे 8व्या वचनात आहे. मूळ हिब्रूत वर्णमालेतल्या 22 अक्षरांपैकी प्रत्येक अक्षराने तीन वचने, अशी 66 वचनांची ही बांधणी आहे, म्हणजे आक्रोश, भरवसा आणि देवाच्या सत्तेची कबुली हे सर्व एकाच शिस्तीत आले आहे. आणि 38 म्हणणारा माणूस उद्ध्वस्त यरुशलेमेतच उभा आहे, बाहेरगावाहून आलेला नाही. म्हणून 40व्या वचनात तो ‘आपण आपले मार्ग शोधू’ असे स्वतःला धरून म्हणू शकतो.

मिरजकडचा

‘आपण’ हा मुद्दा मान्य आहे. देवाने ठरवले की होऊ दिले, यावर तुमचे आमचे जमणार नाही, तो वाद राहू द्या. पण अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा आणि 38 त्यात असावे, यावर जमते.

मलप्रभाकाठ

दादांच्या वर्षश्राद्धाऐवजी आमच्याकडे स्मरणाची उपासना ठेवली आहे, तेथे हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायचे ठरले आहे. मराठीतून सगळा, आणि पाहुण्यांसाठी काही भाग कन्नडमधून. 1 ते 37 मास्तर वाचतील. 39 पासून पुढे कोणी वाचायचे ते अजून ठरलेले नाही, मिरजकडील दादा येणार असतील तर त्यांनी वाचावे. मधले 38वे वचन वहिनी स्वतः वाचणार आहेत.